दाढेचं जुळलं का?

माझ्या जिभेला एक वाईट खोड आहे. पेपर वाचताना, नाहीतर कुणी कंटाळवाणं बोलायला लागलं, की ती गुपचूप उजवीकडे मागे सरकते आणि खालच्या हिरडीतल्या एका खळगीत जाऊन बसते. खळगी ती केवढी, ज्वारीचा दाणा मावेल एवढी. तिथली हिरडी बाकीच्या हिरडीपेक्षा जरा टणक लागते, इतकंच. गाल फुगलेला दिसला की नातवंडं ओरडतात, "गेले, आजोबा निघोज्याला गेले!" त्यांना ही गोष्ट पाठ आहे. मी सांगायला लागलो की ती आधीच हसायला लागतात, आणि मला राग येतो. गोष्ट मी सांगतोय ना? मग हसायचं कधी ते मी ठरवणार.

पिंपरीला कारखाने नुकते उभे राहायला लागले होते, त्या पन्नासच्या दशकातली ही हकीकत. आमचं गाव निघोजे. घरी शेती, चार बैल, एक म्हैस. मी सायकल मारत पिंपरीला जायचो, एका नव्या कारखान्यात फिटरच्या हाताखाली हेल्पर म्हणून. अंगात खाकी कपडे आणि वय बावीस, त्यामुळे डोकं सदा वर. गावात माझ्याशी कुणी 'अरे'नं बोललं तरी मला राग यायचा. आता हसू येतं, पण तेव्हा खरंच यायचा.

आमचे वडील, म्हणजे आबा, बैलांतले मोठे जाणकार. चाकणच्या बाजारात कुणाला बैल घ्यायचा असला की आबांना बोलावणं यायचं. आबा जायचे, बैलाचा जबडा धरून ओठ वर करायचे आणि क्षणात सांगायचे, "दोनदाती हाय," "चारदाती हाय." सगळे दात पुरे आलेले असले की म्हणायचे, "जुळला." जुळला म्हणजे बैल पुरा वयात आला, आता कुठल्याही कामाला जुंपा. आबांनी एकदा 'जुळला' म्हटलं की बाजारात पुढे कुणी बोलायचं नाही.

एका सकाळी भाकरी चावताना माझ्या उजव्या जबड्यात अशी कळ आली की ताट सरकवून मी उभाच राहिलो. आबांनी विचारलं नाही, सवरलं नाही, सरळ माझी हनुवटी धरली. "आ कर." त्यांच्या बोटांना पेंडीचा वास होता. अंगठ्यानं माझा गाल ओढून त्यांनी आत बघितलं आणि चुलीपाशी बसलेल्या आईला ओरडून सांगितलं, "अगं ए, पोरगा जुळला! शेवटची दाढ निघालीया!"

"मग आता लगीन लावा त्याचं," आई म्हणाली. तिनं तव्यावरून मानसुद्धा वळवली नाही.

मी चिडून सायकल काढली आणि उपाशी पोटी कामावर गेलो. आमचे फिटर कोकणातले. माझा गाल बघून ते म्हणाले, "अरे मेल्या, ती अक्कलदाढ हा. उपटून टाक, नायतर ती तुका उपटतली." मी मनावर घेतलं नाही. दुखणं चार दिवस यायचं, चार दिवस जायचं. ते गेलं की मी विसरायचो.

आणि नेमकं ते परत यायच्या दिवशी आम्ही तळेगाव दाभाड्याला मुलगी बघायला गेलो.

घर आमच्यासारखंच, शेतीवाडीचं. तिच्या वडिलांना एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यानंही बेताचंच दिसायचं, पण बैलांचा नाद आबांइतकाच. दोघं म्हातारे पहिल्या पाच मिनिटांत गोठ्याकडे गेले ते मुलगी बाहेर आली तरी परतले नव्हते. ती गूळ-शेंगदाण्याच्या वड्यांची ताटली घेऊन आली. खाली बघून चालत आली, ताटली ठेवली, आणि मग तिनं एकदाच, एकदाच मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं. त्याच घटकेला मी वडी उजव्या बाजूनं चावली.

कपाळ माझं! डोळ्यांपुढे काजवे चमकले. तोंड असं वाकडं झालं की काय सांगू. शेंगदाणा सरळ त्या दाढेवरच्या सुजलेल्या मांसात रुतला होता. पण तिला काय दिसलं? तिनं बघितलं आणि मुलानं तोंड वाकडं केलं. तिचा चेहरा फटकन उतरला, आणि ती आत गेली ती पुन्हा बाहेर आलीच नाही. मला ती आवडली होती. सरळ सांगतो, त्या एका नजरेत आवडली होती. आणि मी तिथं गाल धरून बसलो होतो.

निघताना आबांनी पाहुण्यांना सांगितलं, "आठ-पंधरा दिसांत कळवतो." वाटेत मला विचारलं, "कशी वाटली?"

"मला पसंत आहे. आजच कळवा."

"आज कळवतोय! आदी त्या थोबाडाचं बघ. सुजक्या गालानं सुपारी फोडायची का?"

म्हणजे दाढ गेल्याशिवाय लग्नाचं बोलणं पुढे जाणार नव्हतं. मी दुसऱ्याच आठवड्यात रजा टाकली.

दातांचे डॉक्टर पुण्याहून मंगळवारी आणि शुक्रवारी चिंचवडला येऊन बसायचे. शुक्रवारी मी गेलो. दाढ आडवी निजली होती म्हणे. सुईनं अर्धं तोंड बधिर झालं. दुखलं नाही, पण कानात जो करकर आवाज येत होता तो ऐकून मला वाटलं, जबडा घेऊनच दाढ बाहेर येणार. आली एकदाची. डॉक्टरांनी दोन टाके घातले, काळ्या रेशमी दोऱ्याचे, आणि दाढ कागदात बांधून माझ्या हातात दिली.

"आता नीट ऐका," ते म्हणाले. "हा बोळा अर्धा तास दाबून धरा. आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, विडी तर मुळीच नाही. खड्ड्यात रक्ताची गुठळी बसेल, ती हलू द्यायची नाही. तीच जखम भरून काढते. उद्यापासून कोमट मिठाचं पाणी, तेही हळू. तीन-चार दिवसांनी तिथे पांढरट दिसायला लागेल. तो पू नव्हे, खरवडत बसू नका. टाके पुढच्या शुक्रवारी काढू. वरची हिरडी तीन-चार आठवड्यांत जुळेल. आतला खड्डा भरायला मात्र काही महिने लागतात. थोडा वण राहील."

'जुळेल' हा शब्द डॉक्टरांचा. मी तो घरी नेला, ही माझी चूक.

कारण घरी आल्यावर आबांनी पहिला प्रश्न केला, "डाक्टर काय म्हनला?" बोळा तोंडात तसाच. मी बोटानं जबडा दाखवला आणि कसंबसं म्हटलं, "जुळेल."

झालं. त्या दिवसापासून आबांनी माझी हिरडी ताब्यात घेतली. रोज सकाळी ओट्यावर, उन्हाकडे तोंड करून मला बसवायचे. "आ कर." दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज एवढी की दोन बोटांवर तोंड उघडेना. तरी त्यातून ते बघायचेच. चौथ्या दिवशी खड्ड्यावर पांढरी साय धरली. आईनं ती बघितली आणि मशेरीचं बोट पुढे करून आली, "घाण झालीया रं, घासून काढते." आबा तिच्यावर असे ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "हात लावायचा न्हाई! भरत्या जखमंची साय हाय ती. बैलाच्या खांद्याला न्हाई का धरत? ती काढली की जखम उघडी पडती." डॉक्टरांनी पुण्याला शिकून जे सांगितलं तेच आबांनी बैलाच्या खांद्यावरून सांगितलं. मला मनातून फार बरं वाटलं, पण तोंड उघडत नसल्यामुळे बोललो नाही.

आता आबांचा आवाज. वावरातून हाक मारली की नदीपलीकडे ऐकू जायची. गल्लीतून कुणी विचारलं, "काय, पोराचं जुळलं का?" की आबा ओट्यावरून सांगायचे, "जुळत आलंय! दोन्ही बाजू जवळ आल्यात. चार दिसांत पक्कं जुळतंय बघा!" विचारणाऱ्याला ठाऊक होतं की दाढेचं चाललंय. पण सोमवारी समोरच्या घरी एक कासारीण बसली होती, बायकांना बांगड्या भरत. तिला दाढ ठाऊक नव्हती. ती फक्त बांगड्या भरत होती आणि ऐकत होती. निघोज्यातून ती इंदोरीला गेली, इंदोरीवरून तळेगावला. बांगड्या संपल्या असतील, बातमी संपली नव्हती.

बुधवारी मी कामावर असताना तळेगावहून मुलीचे चुलते आमच्या घरी आले. काय बोलणं झालं ते संध्याकाळी आबांनीच मला मोठ्या आनंदानं सांगितलं.

"आरं, तळेगावचे पाव्हणे येऊन गेले. लई माया हाय बघ त्या मानसांची. दारातनंच इचारलं, 'पोराचं जुळलं म्हनं?' मी म्हनलं, 'व्हय, तुमच्यापातुर बातमी आली का?' तर म्हनले, 'म्हंजी खरं हाय?' मी म्हनलं, 'खरं म्हंजी? मी रोज सोता बगतोय! दोन्हीकडनं झ्याक जुळलंय.'"

माझ्या हातातली सायकल भिंतीवर आदळली.

"मग? ते काय म्हणाले?"

"म्हनले, 'बरं झालं, आनंद हाय.' आन् निघाले. च्या बी घेतला न्हाई. जरा ताठच हायेत ती मानसं."

आत परातीत पीठ मळणाऱ्या आईनं पिठाच्याच हातानं कपाळाला हात लावला. "अवं, तुमाला काय म्हनावं! त्यांनी लग्नाचं इचारलं! पोराचं दुसरीकडं जुळलं का, ते इचारत हुते!"

आबा आधी आईकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. एवढा मोठा माणूस, पण तोंड एवढंसं झालं. "मला काय ठावं," ते म्हणाले. "मी तर दाढंचं सांगत हुतो."

मी जेवलो नाही. चिडायला पण जोर उरला नव्हता. तिच्या घरी आत्तापर्यंत काय बोललं गेलं असेल, ते मला दिसत होतं. बघायला आला, तोंड वाकडं केलं, दुसरीकडे सोयरीक जुळवली आणि आपल्या माणसाच्या तोंडावर आनंदानं सांगितलं. असल्या घरात कोण मुलगी देईल? मी त्यांच्या जागी असतो तर काठी घेऊन आलो असतो. आबा म्हणाले, "उद्या मीच जातो." मी म्हटलं, "नको! तुम्ही आता काही बोलू नका."

गुरुवारी सकाळी कामावर दांडी मारून सायकल तळेगावकडे वळवली. म्हाळुंगे, खालुंब्रे, सुदुंबरे, इंदोरी, सगळा फुफाटा. प्रत्येक खड्ड्याला जबड्यात ठणका. वाटेत मी काय बोलायचं ते घोकत होतो, आणि घोकताना लक्षात आलं की माझं मलाच कळत नाहीये. सूज उतरली होती, पण जबडा अजून आखडलेला. 'दाढ' म्हणायला गेलो की 'धाध' निघायचं.

तिचे वडील ओसरीवर बसले होते. मला ओळखायला त्यांना जवळ यावं लागलं. ओळखलं तसे मागे सरले. "या. पत्रिका द्यायला आलासा?"

"नाही, नाही! माझं जुळलेलं नाही!" मी म्हटलं. निदान तसं म्हणायचं होतं. बाहेर काय पडलं देव जाणे, पण ते म्हणाले, "काय बोलतोयस? नीट बोल की. आमच्या मानसाला तुज्या बानं तोंडावर सांगितलं, जुळलं म्हनून."

"दाढेचं! दाढ काढली! हिरडीचं सांगत होते ते!"

"कुनाची इरडी?"

तिची आई दारात आली, शेजारचे दोघं वाटेवर थांबले, आणि माझा तापट स्वभाव उसळला. म्हटलं, बोलून काही होत नाही इथं. मी ओसरीच्या पायरीवर बसलो, उन्हाकडे तोंड केलं आणि जेवढा उघडत होता तेवढा जबडा उघडून बोटानं आत दाखवलं. आबांनी आठवडाभर सवय लावली होतीच.

म्हातारा बैलवाला. तोंड उघडं दिसल्यावर त्याला राहवेना. जवळ आला, माझी हनुवटी धरली, वाकला, डोळे बारीक केले. मग वैतागून म्हणाला, "ह्या डोळ्यांनी काय दिसतंय! ए पोरी, हिकडं ये. तू बघ."

तिच्या आईनं तोंडावर पदर धरला. मुलगी बघायला गेलेल्या मुलाचं तोंड मुलीनं उघडून बघायचं, असं कधी कुणी ऐकलं होतं? पण वडिलांनी सांगितलं म्हटल्यावर ती आली. हातात निवडत असलेल्या तांदळाचं सूप होतं, ते तिनं पायरीवर ठेवलं. माझ्यासमोर उकिडवी बसली. मी आ करून बसलोय, नाकाला फुफाटा, डोळ्यांत पाणी, आणि ती माझ्या तोंडात बघतेय. माझं सगळं आयुष्य त्या वेळी त्या घाणेरड्या खड्ड्यात होतं. तिला तिथे काय दिसतं आणि ती काय म्हणते, यावर सगळं.

तिनं नीट बघितलं. घाई केली नाही.

"आत काळा दोरा हाय," ती म्हणाली.

"तोंडात काळा दोरा?" तिची आई घाबरली. "दिष्ट काढली का काय ह्याची?"

"न्हाई गं. टाकं हायेत. दोन." ती आणखी वाकली. "दाढ काढलीया, बा. उजवीकडची. वड्या खाल्ल्या त्या बाजूची." हे म्हणताना तिनं डोळे वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की वाकड्या तोंडाचा हिशेब तिला लागला. मग ती वडिलांकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "न्हाई जुळलं आजून. खड्डा हाय. आजून काय बी जुळलं न्हाई ह्यांचं."

'ह्यांचं' म्हणाली ती. 'ह्याचं' नाही. तिच्या आईनं ते ऐकलं, शेजाऱ्यांनी ऐकलं, मीही ऐकलं. म्हातारा मात्र अजून दाढेतच होता. "टाकं घालून दाढ काढत्यात होय आता?" तो म्हणाला. मग एकदम पायरीवर बसला आणि असा हसत सुटला की त्याला ठसका लागला. "आरं, मग त्ये जुळत आलंय, दोन्ही बाजू जवळ आल्यात, ते समदं हिरडीचं?" मी मान हलवली. मला हसता येत नव्हतं, हसलं की टाके ओढायचे. डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं, आणि ते सगळं दुखण्याचं नव्हतं.

मला दूध दिलं. कोमट करून दिलं, ते कुणी सांगितलं मला माहीत नाही. ती आत गेलेली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी टाके काढले. म्हणाले, "छान भरतंय. इतकी स्वच्छ जखम ठेवली कुणी?" मी म्हटलं, "वडिलांनी." पुढच्या गुरुवारी आबा तळेगावला जाऊन सुपारी फोडून आले. जाताना आईनं त्यांना बजावलं होतं, "जुळलं हा शब्द तोंडातनं काढायचा न्हाई." आबांनी ते पाळलं. गावात कुणी विचारलं की नुसती मान डोलवायचे, एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस.

लग्न उन्हाळ्यात झालं. तोवर वरची हिरडी मिटली होती, आत खोलगट राहिलं होतं. कळ गेली होती, पण सवय राहिली होती, मी सगळं डावीकडूनच चावायचो. लग्नाच्या पंगतीत आम्ही दोघं शेजारी पाटावर बसलो. एकमेकांना घास भरवायची वेळ आली, तशा बायका भोवती गोळा झाल्या, चिडवाचिडवी सुरू झाली. तिनं लाडवाचा घास उचलला आणि माझ्या तोंडाशी आणून थांबली. सगळ्यांना वाटलं, लाजली. पण ती हळूच, ओठ न हलवता म्हणाली, "डावीकडं देऊ का उजवीकडं? जुळलं का आता?"

लग्नाच्या गडबडीत, एवढ्या लोकांत, तिला माझी हिरडी आठवली होती. मला तोपर्यंत असं कुणी काही विचारलं नव्हतं. हळू बोलायचं असतं हे मी विसरलोच.

"जुळलं!" मी म्हणालो. मोठ्यानं.

पंगतीच्या पार दुसऱ्या टोकाला आबा तुपाची तपेली घेऊन वाढत होते. तो शब्द त्यांच्या कानावर पडला. तपेली कुणाच्या तरी हातात देऊन ते दोन पंगती ओलांडून आले, माझ्यासमोर बसले, मुंडावळ्या बाजूला केल्या आणि माझी हनुवटी धरली.

"आ कर," ते म्हणाले, "सूनबाई, तू बी बघ."

मी सगळ्या वऱ्हाडासमोर आ केला.